छत्तीस चौकोन आणि निळ्या पट्ट्या

विजू,

आधी भांडण, मग बाकीचं. आपल्यात हाच क्रम होता आणि तो बदलायचं मला काही कारण दिसत नाही.

तुझ्या चौदाव्याला कोथरूडच्या हॉलमध्ये तुझ्याबद्दल बोलायला माणसं उभी राहिली. तुमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका माइक हातात घेऊन म्हणाल्या, "विजयाताई म्हणजे अतिशय शांत व्यक्तिमत्त्व. कधी कुणाला उलटून बोलल्या नाहीत." मी तिसऱ्या रांगेत होते. मला वाटलं, आपण चुकीच्या हॉलमध्ये येऊन बसलो. शेजारच्या हॉलमध्ये कुणाचा तरी साखरपुडा चालला होता. कदाचित तिथे तुझ्याबद्दल खरं बोलत असतील.

तू, आणि उलटून बोलली नाहीस? सोसायटीच्या सभेत तू उभी राहिलीस की आपले सेक्रेटरी चष्मा काढून पुसायला घ्यायचे, म्हणजे निदान तुझा चेहरा स्पष्ट दिसायला नको. भाजीवाल्याला तू वजनकाट्याचं शास्त्र शिकवलंस. माझ्या नवऱ्याला तर तू तोंडावर सांगितलं होतंस, "भाऊजी, तुम्ही बोलायचं ठरवलं की मंदा स्वयंपाकघरात का जाते, याचा कधी विचार केलाय?" असं माणूस गेलं, आणि चौदा दिवसांत त्याची शांत, समंजस मूर्ती करून लोक मोकळे झाले. मला उठून सांगावंसं वाटत होतं. पण हॉलचा वेळ संपत आला होता आणि जेवणाची पानं मांडायची होती.

खरा घोळ पुढेच झाला. दारात तुझा निखिल आणि सूनबाई केतकी उभे होते. येणाऱ्या प्रत्येकाला एक कागदी पिशवी देत होते, "आईची आठवण." मी गृहीत धरलं, स्टीलची वाटी असेल किंवा स्तोत्राचं पुस्तक. चौदाव्याला लोक देतात तेच. खाली पार्किंगमध्ये स्कूटरच्या डिकीत टाकताना पिशवी हलकी लागली, म्हणून उघडून बघितलं.

आत आपल्या गोधडीचा चौकोन होता.

वर तुझी ती राखाडी, बारीक बुट्टीची शाळेतली साडी. उलटून पाहिलं तर माझी विटकरी इरकल. मधल्या शिलाईच्या रेघा माझ्या मशीनच्या आणि चारही कडांचे हातटाके तुझे. मी तशीच जिना चढून परत वर गेले. तोवर पिशव्यांची टोपली रिकामी झाली होती.

"निखिल, हे काय वाटलंस तू?"

"मावशी, आईने केलेल्या टेबल मॅट्स. कपाटात नीट रचून ठेवल्या होत्या. केतकी म्हणाली, वाट्या-पेले सगळेच देतात, आपण आईच्या हातचं काहीतरी देऊ."

"टेबल मॅट? तुझी आई जन्मात कधी टेबलावर जेवलीय? ती ताट मांडीवर घेऊन बातम्या बघत जेवायची."

"मग काय आहे ते?"

"गोधडी आहे. सुटी आहे. जोडायची राहिलीय."

रडून रडून त्याचे डोळे सुजलेले, अमेरिकेहून आल्यापासून झोप नाही. मग हळूच म्हणाला, "पण मावशी, चारही बाजूंनी शिवलेलं होतं. आय मीन, फिनिश्ड दिसत होतं सगळं. मला कसं कळणार?"

आणि विजू, तिथे मला त्याचा राग यायच्या ऐवजी तुझा आला. कारण पोराचं बरोबर होतं. माझं ऐकलं असतंस, तर त्या चौकोनांच्या कडा उघड्या राहिल्या असत्या, दोरे लोंबत असते, आणि जगातल्या कुठल्याही माणसाला ते टेबल मॅट वाटले नसते. उघड्या कडांचा चौकोन स्वतःच सांगतो, की मी अर्धा आहे. तू त्यांची तोंडं शिवून टाकलीस.

या गोधडीचं मूळही तूच. बँकेत संगणक आले, स्वेच्छानिवृत्तीची योजना आली, मी ती घेतली आणि दुपारी मशीनवर बसायला लागले. तू निखिलकडे जाऊन आलीस. येताना कुणी खात नाही असली चॉकलेटं आणलीस आणि एक कल्पना. तिथल्या वाचनालयात बायका जमून गोधड्या शिवत होत्या, त्यांच्यात तू जाऊन बसली होतीस.

"मंदा, त्या बायका अख्खी गोधडी शिवतच नाहीत. एकेक चौकोन करतात. वरचं कापड, आतला थर, खालचं कापड, सगळं तेवढ्याच तुकड्यात शिवून मोकळ्या होतात. आणि मग शेवटी चौकोन जोडतात."

"मग त्यात नवल काय?"

"नवल हे, की चौकोन तुझ्या मशीनखालून जातो."

ते मात्र मला पटलं होतं. आपल्या घरगुती मशीनच्या दांड्याखालून अख्खी गोधडी सरकवणं म्हणजे रिक्षात कपाट कोंबण्यासारखं. हाताने घालायची तर ती पसरायला जमीन पाहिजे. आपल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमधली जमीन सोफ्याने आणि जेवणाच्या टेबलाने खाऊन टाकलेली, आणि उरलेल्या जमिनीवर बसायला आपले गुडघे तयार नव्हते. चौकोन मात्र मांडीवर मावतो. पिशवीत घालून बसने नेता येतो.

मी म्हटलं, ठीक आहे, खालून जुनी चादर लावू. माझ्या आईच्या गोधड्यांना अशीच खालची बाजू असायची. वर सगळी नक्षी, खाली जे काही विटलेलं असेल ते अस्तर. तू लगेच हात वर केलास, वर्गातल्या पोरांना थांबवायचीस तसा.

"खालची बाजू नको. दोन्ही बाजू सुलट. एकीकडे तुझी कापडं, दुसरीकडे माझी. खाली कुणीच नाही."

"आणि गोधडी राहणार कुणाकडे?"

"सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने माझ्याकडे."

"पुण्यात थंडी सहा महिने नसते."

"मग थंडीत माझ्याकडे."

मी कापडं काढायला लागले.

निखिलच्या खोलीतला त्याचा जुना संगणक तू ब्रॉडबँड आल्यापासून चालू ठेवला होतास. त्यावर व्हिडिओत एक पांढऱ्या केसांची बाई गोधडी शिवायला शिकवायची. तिचं कधी काही चुकायचं नाही, याचा तुला फार राग यायचा. मध्येच चित्र अडकायचं, बाईचं तोंड उघडं राहायचं, मधोमध चक्र फिरत राहायचं, आणि तू खूश होऊन म्हणायचीस, "बघ, तीसुद्धा विसरली."

आपलं मात्र सगळं चुकत गेलं. गोधडी दोन्ही बाजूंनी सुलट हवी म्हणजे दोराही दोन्ही बाजूंना शोभायला हवा. वर विटकरी, खाली बॉबिनमध्ये राखाडी. त्यात मशीनचा ताण जरा कमी-जास्त झाला, की वरचा दोरा खाली डोकावायचा आणि तुझ्या साडीवर विटकरी ठिपके, घामोळं उठल्यासारखे. स्क्रू पिळून पिळून मी तो ताण बसवला. मग जोडायची पट्टी. दोन चौकोनांमध्ये एका बाजूने पट्टी बसवायची, उलटायचं, दुसऱ्या बाजूची पट्टी दुमडून सांधा झाकायचा. वरून सरळ दिसायची आणि उलटून बघावं तर खालची पट्टी वाट सोडून भलतीकडे गेलेली. तू तुझ्या कंपासपेटीतली पट्टी आणलीस. नमुन्याचे तुकडे आपण इतके उसवले, की शेवटी कापडच विरलं. मग तुझ्याच डोक्यातून निघालं, की आधी खालच्या बाजूला कच्चे टाके घालून घ्यायचे, नंतर मशीन. ते जमलं. तुझी शिलाई माझ्यापेक्षा सरळ, म्हणून पट्ट्या जोडायचं काम तुझं ठरलं. मी रविवार पेठेतून गडद निळं पॉपलीन आणलं, साऱ्या पट्ट्या कापल्या, मधोमध इस्त्री केली आणि बँडेजसारख्या गुंडाळ्या करून खणात ठेवल्या. छत्तीस चौकोनही होत आले होते.

आणि गुढीपाडवा झाल्यावर तू माझ्या दारात येऊन म्हणालीस, "पट्ट्या रद्द."

"का?"

"पट्ट्यांमुळे चौकोन गजाआड बसल्यासारखे दिसतात."

"आता दिसले तुला? पॉपलीन कापून झाल्यावर?"

"मी प्रत्येकाच्या कडा आत वळवून हाताने शिवते. चौकोन जिथल्या तिथे पुरा. मग कडेला कड लावून जोडायचे. पट्टी नको, मशीन नको."

"सांध्यातून वारा येईल, विजू."

"येऊ दे. पुण्यात थंडी नसते, तूच म्हणालीस."

कडा आत वळवायच्या तर मशीनची शिलाई कडेपासून बोटभर अलीकडे थांबायला हवी. माझी तर कडेपर्यंत गेलेली. म्हणजे एकूण एक चौकोनाच्या चारही बाजू बोटबोटभर उसवायच्या, त्याही मी. मी उसवल्या. तोंडाने बोलत बोलत, पण उसवल्या. उसवून झाले की चौकोन तुझ्याकडे यायचे आणि कडा शिवून तुझ्या कपाटात जायचे. मी दर खेपेला विचारायचे, की हा हट्ट कशासाठी. तू दर खेपेला नवं कारण द्यायचीस. एकदा म्हणालीस, निळा रंग उठून दिसतो. एकदा म्हणालीस, पॉपलीनचा रंग जाईल. मी धुऊन दाखवलं, रंग गेला नाही. तर म्हणालीस, "आत्ता नाही गेला."

आपलं शेवटचं बोलणं फोनवर झालं. तू वर तिसऱ्या मजल्यावर, मी पहिल्या, आणि फोनवर, कारण आपण रुसलो होतो. मी म्हटलं, "तुझ्या हट्टापायी ही गोधडी आपण मेल्यावर पुरी होणार आहे." तू म्हणालीस, "मला कशाला मध्ये घेतेस? तुझं तू बघ." मी फोन ठेवून दिला. गणपती उठले आणि तुला हॉस्पिटलात नेलं. तिथे तू बोलण्याच्या अवस्थेत नव्हतीस.

हे काय निरोपाचं बोलणं झालं? मला सांग.

असो. चौकोन गोळा करायला मी निघाले. निखिलने फोन करून करून कुणाकडे गेले ते विचारलं, ते एक काम त्याने नीट केलं. बरेचसे लोक शहाणे निघाले. शाळेतल्या बायकांनी लगेच आणून दिले. सेक्रेटरींनी फुलदाणीखाली ठेवला होता, माझ्या हातात देताना त्यांचा चेहरा उजळला. तुझ्या चौदाव्याच्या गुरुजींनी तर त्याचं आसन केलं होतं. मी गेले तेव्हा त्यावरच बसले होते.

"वहिनी, अगदी मापाचं आहे हो. मऊ. पूजेला फार बरं पडतं."

"गुरुजी, खालच्या बाजूला आमच्या ह्यांचा जुना पायजमा आहे."

गुरुजी इतक्या चटकन उठतील असं मला वाटलं नव्हतं.

वाघोलीला तुझी जुनी विद्यार्थिनी प्राची. आता एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते. नगर रोडने स्कूटरवर धूळ खात मी तिच्यापर्यंत पोचले, तेव्हा तिने चौकोनावर लॅपटॉप ठेवला होता आणि तो लॅपटॉप मांडीवर.

"मावशी, प्लीज राहू दे ना. घरून काम करताना मांडी भाजते. आणि बाईंचं एवढंच आहे माझ्याकडे."

"बाईंची आठवण म्हणून मांडीखाली?"

"मांडीवर, मावशी." मग ती हसली. "बाई असत्या तर ओरडल्या असत्या. नववीत मला म्हणाल्या होत्या, तुझी वही बघून मला विज्ञानाचीच शंका यायला लागलीय."

"ओरडायची तुझ्यावर?"

"जाम ओरडायच्या! आख्ख्या वर्गासमोर. मी घरी जाऊन रडायचे आणि परत दुसऱ्या दिवशी पहिल्या बाकावर."

विजू, तुझ्या चौदाव्यापासून पहिल्यांदा मला तुझ्याबद्दल कुणीतरी खरं बोललेलं ऐकायला मिळालं. मी तिच्याकडे चहा घेतला, बिस्किटंसुद्धा खाल्ली. चौकोन मात्र सोडला नाही. "जोडून झाली की फोटो पाठवाल?" तिने विचारलं. दोन्ही बाजूंचा पाठवीन म्हटलं.

तुझ्या नणंदेकडचा मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. शनिवार पेठेत अक्कांकडे जायचं म्हणजे आधी मनाची तयारी लागते. ऐंशी उलटून गेलेल्या, पण जीभ तशीच. चौकोन त्यांच्या उशाशी होता.

"दिलेली वस्तू परत मागायला आलीस?"

"चुकून दिलेली, अक्का."

"निखिलच्या हातून चुकून असेल. माझ्याकडे चुकून आलेला नाही. या चौकोनाच्या कडा तिने इथेच शिवल्यात. त्या पलंगावर."

मला काही कळेना. तू दर गुरुवारी "पेठेत काम आहे" म्हणून जायचीस. मी समजत होते, बँकेचं काम असेल, लॉकर असेल. अक्कांनी मला सरळ सांगितलं. उगाच पाणी-बिणी आधी दिलं नाही. तुझं दुखणं तुला होळीच्या सुमारासच कळलं होतं. तू डॉक्टरांकडून निघून अक्कांकडे यायचीस आणि संध्याकाळपर्यंत आडवी पडायचीस.

"मशीनवर बसवत नव्हतं तिला," अक्का म्हणाल्या. "जरा वेळ बसली की पाठीतून कळ यायची. पण पडल्या पडल्या हाताने टाके घालता येतात. छातीवर उशी, उशीवर चौकोन. मी दोरा ओवून द्यायचे. माझ्या डोळ्यांनी, म्हणजे विचार कर."

मी म्हटलं, "कडा... म्हणून?"

"मग? पट्ट्या जोडायला मशीनवर बसावं लागलं असतं ना?"

तेव्हा विजू, माझा संताप झाला. अक्कांसमोर, त्यांच्याच घरात, आवाज चढवून मी म्हटलं, "मला का नाही सांगितलं? मी खाली राहते तिच्या! दोन जिने! मला गजाआड आणि निळा रंग आणि काय काय सांगत बसली!"

अक्कांनी मला बोलू दिलं. मग विचारलं, "तुला सांगितलं असतं, तर तू काय केलं असतंस?"

"चांगल्या डॉक्टरकडे नेलं असतं."

"दोन चांगले झाले होते तिचे. पुढे?"

"तिला आराम करायला लावला असता."

"म्हणजे?"

"म्हणजे शिवण बंद केलं असतं."

"बघ," अक्का म्हणाल्या. "अगं, ती म्हणायची, निखिलला कळलं की तो नोकरी सोडून येईल, बाकीचे डबे घेऊन येतील आणि हळू आवाजात बोलतील. मंदा तेवढी अजून माझ्याशी नीट भांडते. तिला राहू दे."

हे माझं कौतुक आहे का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणजे मला कामाला लावलं होतंस. न विचारता, भांडायच्या कामाला. मी इमानदारीने भांडत होते, कारण मला वाटत होतं की प्रश्न पट्टीचा आहे. तू पडल्या पडल्या माझी भांडणं ऐकत होतीस आणि तुला बरं वाटत होतं. ठीक आहे, वाटलं असेल. पण माझं काय? मलाही कधीतरी तुझ्याशी दुसरं काही बोलायचं असू शकतं, हे तुझ्या मनात आलं नाही? बँक सोडली तेव्हा महिनाभर मी घरात नुसती भिंतीकडे बघत बसायचे, आणि तू रोज येऊन "चहा टाक" एवढंच म्हणायचीस. दुसरं काहीही नाही. त्या चहाबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नव्हतं. म्हणणार होते, अशातलाही भाग नाही. पण वेळ आहे हे माणसाला गृहीत धरता यावं लागतं, आणि वेळ नाही हे ठाऊक असलेलीने ते लपवून ठेवलं, तर हा हिशेब सरळ नव्हे.

अक्कांनी चौकोन घडी न करता, सपाट, वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. "पायजमा कुठल्या बाजूला आहे त्यात?" त्यांनी विचारलं. गुरुजींची गोष्ट पेठेत माझ्या आधी पोचली होती.

घरी येऊन मी पहिल्यांदा खणातून निळ्या पट्ट्या काढल्या. होय, काढल्या. तू आता मशीनवर बसणार नव्हतीस, मी बसू शकत होते, मग ठरलं होतं तसं करायला हरकत काय होती? दोन चौकोन घेतले, पट्टी लावली. तुझ्या वळवलेल्या कडांवर पट्टीचे थर इतके जाड झाले, की सुई मोडली. दुसरी घातली, तीही मोडली. तू शिवलेल्या कडा उसवल्या असत्या तर पट्टी बसली असती. कात्री हातात घेतली होती. एका कडेला टोक लावलंसुद्धा. टाके बघितले. काही तांदळाएवढे, काही वाकडेतिकडे, जिथे तुला कळ आली असेल तिथे लांब गेलेले. मी आयुष्यात इतकं उसवलंय, विजू, की मला उसवण्याचं काही वाटत नाही. पण कात्री खणात ठेवली आणि तुझ्या पद्धतीने, कडेला कड लावून, हाताने जोडायला बसले.

दोन्ही बाजूंना दिसणार नाही असा टाका घालायचा म्हणजे कडेचा एकेकच दोरा उचलायचा. डोळे गेले माझे. सांध्यातून वारा येतो, हे मी तपासून बघितलं. उजेडासमोर धरलं की बारीक फटी दिसतात. मी म्हटलं होतं आणि माझं बरोबर होतं, हे इथे लिहून ठेवते.

रांगा लागत गेल्या आणि शेवटी एक जागा मोकळी राहिली. पुन्हा पुन्हा मोजलं, एक चौकोन कमीच. मग निखिलचा फोन आला, अमेरिकेतून.

"मावशी, एक माझ्याकडे आहे. सांगायचं राहिलं. आईच्या बाजूला माझ्या शाळेचा शर्ट आहे त्यावर, खिशासकट. मी बॅगेत टाकला. कुरिअर करू?"

खिसा आतून शिवून टाकू नये म्हणून मी त्या चौकोनावर रेघा वळवून घातल्या होत्या, मला आठवतं. तू म्हणाली होतीस, खिसा उघडा हवा.

"राहू दे तुझ्याकडे," मी म्हटलं. "पण त्यावर कॉफीचा मग ठेवलास, तर तिथे येऊन कान पिळीन."

"नाही ठेवणार, मावशी." मग तो शाळेतलं काहीबाही सांगत राहिला, आणि या खेपेला मी फोन ठेवला नाही.

तर एक चौकोन नव्याने करणं आलं. माझ्या बाजूला कापड होतंच. तुझ्या बाजूला काय लावणार? तुझ्या साड्या केतकीने दिवस झाल्या झाल्या कुठल्याशा संस्थेला देऊन टाकल्या होत्या, रीतीप्रमाणे. एक ब्लाउजपीससुद्धा उरलेलं नाही. कुणाकडे मागायला जाणं मला जमणार नव्हतं.

मी निळ्या पट्ट्या घेतल्या. एकीला एक लावून शेजारी शेजारी शिवल्या, चौकोन भरेपर्यंत. आत थर, वर माझं अबोली पोलकं, खाली निळं पॉपलीन. कडेपासून बोटभर अलीकडे शिलाई थांबवली, कडा आत वळवल्या, हाताने शिवल्या. माझे टाके तुझ्यापेक्षा मोठे आहेत, ते चालवून घे. दुसऱ्या रांगेत, उजवीकडे, तुझ्या बाजूला निळ्या पट्ट्यांचा चौकोन बसला आहे. उठून दिसतो, हे तुझं खरं होतं. पण पट्ट्या लागल्याच शेवटी. काय म्हणायचं असेल ते म्हण.

काल गोधडी झटकून बाल्कनीत घातली. दोन्ही बाजूंना ऊन दाखवलं. प्राचीला दोन्ही फोटो पाठवले. अक्कांना नेऊन दाखवली, त्यांनी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "यातली सुलट कोणती?" मी म्हटलं, "तेच तर."

दिवाळी झाली, विजू. सकाळी आता चांगला गारठा असतो, पंखा बंद करावा लागतो. ठरल्याप्रमाणे गोधडी या महिन्यापासून तुझ्याकडे यायला हवी. थंडी तूच मागून घेतली होतीस. घडी करून दारापाशी ठेवली आहे. तुझ्या फ्लॅटला कुलूप आहे आणि खाली विकणे आहे म्हणून पाटी लागली आहे.

आता ती कुठे आणून द्यायची, एवढं तरी सांगून जायचं होतंस.